लहान मुलाचं कोपर दुखावलंय: एक्स-रे कधी काढायचा, कधी नाही

कॅज्युअल्टीत नुकतीच ड्युटी लागलेले इंटर्न आणि ग्रामीण रुग्णालयात पहिली नेमणूक मिळालेले वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी हे लिहितो आहे. मे महिन्याची सुट्टी लागली की आंब्याच्या झाडावरून, संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवरून आणि एरवी वर्षभर सायकल, घसरगुंडी, पलंग यांवरून पडलेली मुलं येत राहतात. त्यांतली बरीचशी कोपर धरून येतात. बरोबरचं मोठं माणूस दारातूनच सांगतं, "डॉक्टर, आधी एक फोटो काढा." नवीन डॉक्टरही लगेच एक्स-रेचा फॉर्म पुढे ओढतो.

या घाईत दोन प्रकारचं नुकसान होतं. जे मूल दोन मिनिटांत बरं होऊन हसत घरी गेलं असतं, ते तासभर रांगेत रडत बसतं. आणि ज्याच्या हाताचा रक्तपुरवठा अडकलेला आहे, ते मूल नाडी न बघताच एक्स-रेच्या खोलीबाहेर ताटकळतं. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात हात जाऊ शकतो. म्हणून फॉर्म भरण्याआधी काय काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

किरणोत्सर्गाचा बाऊ मात्र करू नका. कोपराच्या एक्स-रेचा डोस साधारण ०.००१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी असतो. आपल्याला निसर्गातूनच दरवर्षी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे हा फोटो काही तासांच्या नैसर्गिक किरणांएवढा. गरज असेल तिथे या भीतीने फोटो टाळणं चूक आहे. आपली अडचण वेगळी आहे. लहान मुलाचं कोपर बरंचसं कूर्चेचं असतं आणि कूर्चा फोटोत दिसत नाही. तपासणी न करता काढलेल्या फोटोत कुठे बघायचं तेच कळत नाही, आणि "फोटो नॉर्मल आहे" या वाक्याने डॉक्टर आणि पालक दोघंही निर्धास्त होतात.

आधी पंजा, मग कोपर

मुलाला टेबलावर झोपवू नका. आईच्या किंवा आजीच्या मांडीवरच राहू द्या आणि तुम्ही खाली बसा. कोपराला हात लावण्याआधी पंज्याकडे बघा. बोटं गुलाबी आहेत का? दुसऱ्या हाताइतकी उबदार आहेत का? नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत रंग परत येतो का? मनगटात रेडियल नाडी लागते का? याला अर्धा मिनिट पुरतो.

मग नसा. चार-पाच वर्षांच्या मुलाला "तुझी बोटं बधिर झालीत का?" असं विचारून काही मिळत नाही. त्यापेक्षा त्याच्याशी दगड-कागद-कात्री खेळा. दगडाची मूठ वळली तर मीडियन नस चालते आहे. कागदासाठी बोटं आणि मनगट ताठ झालं तर रेडियल. कात्रीसाठी दोन बोटं फाकली तर अल्नर. शेवटी अंगठा आणि तर्जनीची टोकं जोडून गोल करायला सांगा. ही चाचणी मीडियनच्या अँटीरियर इंटरऑशियस शाखेची, आणि कोपराच्या वरच्या फ्रॅक्चरमध्ये सगळ्यात जास्त वेळा दुखावते ती हीच शाखा. तिच्यात त्वचेची संवेदना नसते, त्यामुळे नुसता स्पर्श तपासलात तर सगळं ठीक वाटतं. गोलाऐवजी बोटांची पेरं चपटी टेकली तर ती शाखा चालत नाही. तसं केसपेपरवर लिहा. प्लॅस्टरच्या किंवा ऑपरेशनच्या आधीची ही नोंद पुढे फार मोलाची ठरते.

पंजा पांढरा, थंड आणि नाडी नाही, असं असेल तर एक्स-रे हा त्या क्षणीचा प्रश्नच नाही. ऑर्थोच्या डॉक्टरांना फोन करा आणि ते जवळ नसतील तर रेफरची गाडी मागवा. फोटो तेवढ्या वेळात होत असेल तर काढा, त्यासाठी थांबू नका. कोपर जास्त वाकलेलं असेल तर हळूच सैल करून २० ते ४० अंशांच्या आसपास मागून स्लॅबचा (अर्ध्या प्लॅस्टरच्या पट्टीचा) आधार द्या. सुजलेलं कोपर ९० अंशांत वाकवून गळ्यात अडकवायची सवय अनेकांना असते. त्याने रक्तवाहिनी आणखी दबते. पंजा गुलाबी आहे पण नाडी लागत नाही, हेही तितक्याच तातडीने वरिष्ठांना कळवायचं. रंग चांगला आहे म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

वेदनाशामक याच टप्प्यावर द्या: तोंडावाटे पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम किंवा आयबुप्रोफेन किलोमागे १० मिलिग्रॅम. कोपर वेडंवाकडं दिसत असेल तर ऑपरेशनची शक्यता धरून मुलाला खायला देऊ नका, आणि वेदनेसाठी शिरेतून काय देता येईल ते वरिष्ठांना विचारा. दुखणं कमी झालं की खुणा झाकल्या जातील ही समजूत सोडून द्या. शांत झालेल्या मुलाची तपासणी रडणाऱ्या मुलापेक्षा कितीतरी खरी मिळते.

काय झालं, कसं झालं

"पडला" एवढ्यावर थांबू नका. किती उंचीवरून, कशावर, हात कसा टेकला, लगेच रडला का, पडल्यानंतर हात वापरला का, कोणी बघितलं, हे सगळं विचारा. पसरलेल्या हातावर पडलेलं पाच ते सात वर्षांचं मूल म्हणजे सुप्राकाँडायलर फ्रॅक्चरचं ठरलेलं चित्र. दंडाचं हाड कोपराच्या अगदी वर जिथे पातळ होतं, तिथे ते मोडतं. मुलांच्या कोपराचं सर्वाधिक आढळणारं फ्रॅक्चर हेच.

घरून निघाल्यापासून इथे पोचेपर्यंत काय काय केलं, तेही विचारा. तेल लावून चोळलं का? हाडवैद्याकडे नेऊन बांबूच्या कांबट्या बांधल्या का? विचारताना आवाजात ओरडा नको. आजीने जे केलं ते जिवाच्या काळजीनेच केलेलं असतं, आणि रागावलात तर पुढची माहिती मिळणार नाही. घट्ट बांधलेलं काहीही असेल तर ते आधी सोडा. घट्ट पट्ट्यांमुळे स्नायूंचा रक्तपुरवठा तुटून बोटं कायमची वाकडी होतात, हे रिखार्ड फोन फोल्कमान या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये लिहून ठेवलं. असे हात आजही बघायला मिळतात. बांधून आणलेल्या मुलाची बेचैनी वाढत चालली असेल, औषध देऊनही दुखणं वाढतंय असं वाटत असेल आणि बोटं हलकेच सरळ केली तरी ते किंचाळत असेल, तर कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंच्या आतला दाब वाढून त्यांचा रक्तपुरवठा अडणं) धरून चाला. नाडी लागते आहे म्हणून तो नाही असं समजू नका.

मार लागल्याची काहीच हकीकत नाही, ताप आहे, कोपर गरम आहे आणि मूल ते हलवूच देत नाही, तर ही वाट वेगळी. तिथे सांध्यातल्या जंतुसंसर्गाचा विचार आधी करायचा. फोटो नॉर्मल आला तरी तो संसर्ग असू शकतो.

हात निखळलेलं मूल: इथे फोटो लागत नाही

एक ते चार वर्षांचं मूल. आईने रस्ता ओलांडताना हात धरून झटकन मागे ओढलं, मामाने दोन्ही हात धरून गरगर फिरवलं, किंवा शर्टाच्या बाहीतून हात ओढून काढला. तेव्हापासून मूल तो हात वापरत नाही. हात अंगाशी लोंबता, कोपर किंचित वाकलेलं, तळवा आत किंवा खाली वळलेला. सूज नाही, काळंनिळं नाही, आकारात फरक नाही. हात हलवला नाही तर मूल रडतही नाही, दुसऱ्या हाताने बिस्किट खात असतं. घरचे म्हणतात, "हात उतरलाय."

आपण याला पुल्ड एल्बो म्हणतो. रेडियस म्हणजे पुढच्या हातातलं अंगठ्याकडचं हाड. त्याच्या डोक्याभोवती एक गोल बंध असतो. हात ओढला गेला की तो बंध थोडा सरकून सांध्यात अडकतो. पाच वर्षांच्या पुढे बंध जाड आणि घट्ट होतो, म्हणून मोठ्या मुलात हे निदान करताना दहादा विचार करा. सहा-सात वर्षांच्या मुलाला पुल्ड एल्बो म्हणून हात पिरगाळणं आणि आत सुप्राकाँडायलर फ्रॅक्चर असणं, हे टाळायलाच हवं.

हकीकत ओढल्याची, वय बसतं, सूज नाही, हाडावर कुठेही दाबून दुखत नाही: एवढं जुळलं तर फोटोची गरज नाही. तो काढलात तरी नॉर्मलच दिसतो. उलट, फोटोसाठी हात वळवून ठेवताना टेक्निशियनच्या हातून बंध जागेवर बसतो आणि मूल बरं होऊन बाहेर येतं, असंही घडतं.

बसवण्याच्या दोन रीती आहेत. मी आधी हायपरप्रोनेशन करायला सांगतो, कारण पहिल्याच प्रयत्नात यश येण्याचं प्रमाण तिच्यात जास्त असल्याचं तुलनात्मक अभ्यासांत दिसलं आहे. मूल मांडीवर, तोंड तुमच्याकडे. एका हाताने कोपराला खालून आधार द्या आणि अंगठा रेडियसच्या डोक्यावर ठेवा. दुसऱ्या हाताने मनगट धरून तळवा खालच्या दिशेने ठामपणे, पूर्ण वळेपर्यंत फिरवा. अंगठ्याखाली बारीकसा टक जाणवतो. नाही जाणवला तर दुसरी रीत: तळवा वर वळवत कोपर पूर्ण वाकवायचं. मूल क्षणभर जोरात रडणार, हे आईला आधीच सांगून ठेवा.

मग तिथून निघून जा. हे खरंच महत्त्वाचं आहे, कारण तुम्ही समोर असेपर्यंत मूल हात हलवणार नाही. आईला सांगा, "ताई, याच बाजूने थोडं उंच बिस्किट धरा, पंधरा मिनिटांनी मी येतो." बहुतेक मुलं तेवढ्यात हात वर नेतात. नाही नेला तर आणखी एक प्रयत्न. त्यानंतरही हात वापरत नसेल तर पिरगाळणं थांबवा आणि फोटो काढा. काही तासांपूर्वी किंवा आदल्या दिवशी निखळलेला हात बसल्यानंतरही थोडा वेळ जड राहू शकतो, पण ते फ्रॅक्चर नाही याची खात्री झाल्यावर म्हणायचं.

ओढल्याची हकीकत मिळालीच नाही तर? पाळणाघरातून आणलेलं मूल, कोणी काही पाहिलेलं नाही. झोपेत अंगाखाली हात अडकूनही तान्ह्या बाळात हे होतं. अशा वेळी गळ्याच्या हाडापासून बोटांपर्यंत सगळं दाबून बघा. कुठेच दुखत नसेल आणि चित्र तंतोतंत जुळत असेल तर एक सौम्य प्रयत्न चालतो. पडल्याची हकीकत असेल, थोडीही सूज असेल, किंवा एका ठिकाणी दाबल्यावर मूल हात झटकत असेल, तर हात फिरवण्याआधी फोटो.

जाताना पालकांना दोन गोष्टी सांगा. हे पुन्हा होऊ शकतं, म्हणून मुलाला उचलताना काखेत हात घालून उचलायचं. आणि ओढल्याबद्दल आईने स्वतःला दोष द्यायचं कारण नाही. तिच्या डोळ्यांत ते दिसत असतं, आपण बोललो नाही तर ती तसंच घेऊन घरी जाते.

हात लावून बघणं आणि कोपर सरळ करून घेणं

आता मोठी मुलं, जी पडून आली आहेत. न दुखणाऱ्या हातापासून सुरुवात करा, म्हणजे मुलाला अंदाज येतो. मग गळ्याचं हाड, खांदा, दंड, पुढचा हात, मनगट. लहान मुलं रेडियसची मान मोडलेली असताना मनगट दुखतंय असं सांगतात. उलट कोपरावर बोट ठेवणाऱ्या मुलाचा अल्नाही (पुढच्या हातातलं करंगळीकडचं हाड) मोडलेला असू शकतो. कोपराला सगळ्यात शेवटी या आणि चार जागा वेगवेगळ्या दाबा: बाहेरचं टोक, आतलं टोक, मागचं टोक म्हणजे ओलेक्रेनन, आणि बाहेरच्या बाजूला टोकाच्या जरा खाली रेडियसचं डोकं. सगळं कोपर एकदम मुठीत धरून "इथे दुखतं का?" विचारलंत तर उत्तर नेहमीच "हो" येईल.

मग सरळ करण्याची चाचणी. मुलाला बसवा आणि दोन्ही बाह्या वर करा. "दोन्ही हात समोर कर, तळवे आकाशाकडे, आता दोन्ही कोपरं एकदम ताठ कर बघू." तुम्ही हात ओढायचा नाही, त्याने स्वतः करायचं. दोन्ही बाजू सारख्या ताठ झाल्या का ते बाजूने बघा. पाच-दहा अंशांची कसर समोरून दिसत नाही.

या साध्या चाचणीला चांगला आधार आहे. इंग्लंडच्या नैऋत्य भागातल्या आपत्कालीन विभागांमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. कोपर दुखावलेल्या १७४० मोठ्या-लहान रुग्णांपैकी ११३८ जणांना कोपर पूर्ण सरळ करता आलं नाही, आणि त्यांतल्या ५२१ जणांना फ्रॅक्चर निघालं, म्हणजे जवळजवळ निम्म्यांना. ६०२ जणांना सरळ करता आलं, त्यांत फ्रॅक्चर फक्त १७. त्यामुळे चाचणीचा पहिला अर्धा भाग निःसंदिग्ध आहे: कोपर सरळ होत नाही, तर फोटो काढा. त्यावर वाद घालू नका.

दुसऱ्या अर्ध्याबद्दल मात्र मी नव्या डॉक्टरांना सावध करतो. कोपर सरळ होतं म्हणून फ्रॅक्चर नाही, असं म्हणताना प्रौढांमध्ये ते ९८.४ टक्के वेळा खरं ठरलं, मुलांमध्ये ९५.८ टक्के वेळा. म्हणजे सरळ कोपराच्या शंभर मुलांत साधारण चारांना तरी फ्रॅक्चर होतं. त्या अभ्यासाने स्वतःच दोन अटी घातल्या आहेत: ओलेक्रेनन मोडल्याचा संशय नको, आणि सात ते दहा दिवसांत दुखणं गेलं नाही तर रुग्णाने परत यायला हवं.

मुलांमध्ये मी आणखी तीन अटी जोडतो. कोपरावर सूज नसावी, विशेषतः फक्त बाहेरच्या बाजूची. वरच्या चारही जागांवर हाड दाबून दुखू नये. आणि कोपर वाकवणं, तळवा वर-खाली फिरवणं दुसऱ्या हातासारखं व्हावं. बाहेरच्या सुजेचा आग्रह लॅटरल काँडाइलच्या (दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या बाहेरच्या भागाच्या) फ्रॅक्चरमुळे धरतो. प्रमाणात ते सुप्राकाँडायलरच्या खालोखाल. दिसायला गरीब असतं, कोपर वाकडं दिसत नाही, मूल हात बऱ्यापैकी हलवतं. पण ही भेग सांध्यातून जाते. चुकलं तर हाड जुळत नाही, वर्षानुवर्षांनी कोपर बाहेर वळतं आणि अल्नर नस ताणून हाताची ताकद जाते.

आणखी एक अट वैद्यकशास्त्रातली नाही, आपल्या गावातली आहे: हे मूल परत येऊ शकेल का? दवाखान्याच्या गल्लीत राहणाऱ्या मुलाला "तीन दिवसांनी दाखवा" म्हणणं आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर उद्या दुसऱ्या तालुक्यात जाणाऱ्या मुलाला तेच म्हणणं यात फार अंतर आहे. पुन्हा तपासणी होईल याची खात्री नसेल तर फोटोचा उंबरठा खाली आणा.

तीन वर्षांखालच्या मुलाला ही कसरत सांगून जमत नाही. खेळणं लांब धरून हात पुरवायला लावा, टाळ्या वाजवायला लावा, रांगत असेल तर रांगताना बघा. शंका राहिली तर "चाचणी जमली नाही" असंच लिहा. ती चाचणी पास झाल्यात जमा नाही.

फोटो काढायचाच, असे प्रसंग

उघड वाकडेपणा, मोठी सूज किंवा काळंनिळं पडलेलं कोपर. हाडाच्या एका ठिकाणी स्पष्ट दुखणं. सरळ न होणारं कोपर. नस किंवा रक्तवाहिनी दुखावल्याची कोणतीही खूण. जखमेतून हाड किंवा रक्तमिश्रित चरबी दिसणं. इथे निर्जंतुक ड्रेसिंग, अँटिबायोटिक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन फोटोच्या आधी. दोन प्रयत्नांनंतरही न बसलेला पुल्ड एल्बो. आठवड्याभरापूर्वी "मुरगळलंय" सांगून घरी पाठवलेलं आणि अजून हात न वापरणारं मूल. आणि पुढच्या हातात अल्नाचं फ्रॅक्चर असेल तर कोपर तक्रारीत नसलं तरी कोपराचा फोटो हवाच. अल्ना मोडतो तेव्हा रेडियसचं डोकं जागचं हललेलं असू शकतं. मिलानच्या जिओव्हानी बतिस्ता मोंतेज्जा यांनी १८१४ मध्ये वर्णन केलेली ही जोडी आजही निसटते, कारण फोटो फक्त पुढच्या हाताचा मागवलेला असतो. लहान मुलात अल्ना मोडण्याऐवजी नुसता धनुष्यासारखा वाकतो, तेव्हा तर अधिकच.

मोठं वाकडेपण असेल तर मूल एक्स-रेला जाण्याआधी स्लॅब लावा. स्लॅबमधून फोटो दिसतो. उघड्या, लटकत्या हाताने त्याला खोलीत ढकलू नका, आणि नस किंवा नाडीची शंका असेल तर कोणीतरी डॉक्टर बरोबर असावा.

फॉर्मवर काय लिहायचं

नुसतं "एक्स-रे एल्बो" लिहू नका. समोरून एक आणि कोपर ९० अंशांत घेऊन खरा बाजूचा एक, असे दोन फोटो मागा. तेवढं वाकवताना दुखत असेल तर ओढून वाकवू नका, आहे त्या स्थितीत काढायला सांगा. कुठे दुखतं ते फॉर्मवर लिहा. बाहेरच्या टोकावर दुखत असेल आणि दोन फोटोंत काही दिसलं नाही तर हात आत वळवून तिरपा फोटो मागा, लॅटरल काँडाइलची भेग त्यात सगळ्यात नीट दिसते. दुसऱ्या, चांगल्या कोपराचा फोटो तुलनेसाठी सरसकट काढायची गरज नाही. अडलंच तर काढा.

फोटो हातात आल्यावर

वाचन हा वेगळा, मोठा विषय आहे. फोटो काढायचा निर्णय तुम्ही घेतला असेल तर निदान चार गोष्टी बघून मगच पालकांशी बोला.

पहिली चरबीची सावली. बाजूच्या फोटोत दंडाच्या हाडाच्या मागे काळी पट्टी दिसली तर ती नेहमीच विकृत. पुढची पट्टी थोडी दिसणं नॉर्मल, ती शिडासारखी फुगली असेल तर सांध्यात रक्त आहे. १९९९ मध्ये स्कॅग्ज आणि मिर्झायन यांनी मागची पट्टी दिसणाऱ्या पण भेग न दिसणाऱ्या ४५ मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा ३४ जणांना फ्रॅक्चर असल्याचं नंतर दिसून आलं. म्हणून भेग दिसली नाही तरी अशा कोपराला स्लॅब लावा आणि सात ते चौदा दिवसांत पुन्हा बघा.

दुसरी, दंडाच्या हाडाच्या पुढच्या कडेने रेघ ओढा. ती कॅपिटेलमच्या (दंडाच्या हाडाचा रेडियसशी जुळणारा गोल भाग) मधल्या तिसऱ्या भागातून जायला हवी. कॅपिटेलम रेघेच्या मागे पडलं असेल तर सुप्राकाँडायलर. चार वर्षांखाली ही रेघ पुढच्या भागातूनही जाऊ शकते, तेवढी सूट द्या. तिसरी, रेडियसच्या मधून रेघ. ती प्रत्येक फोटोत कॅपिटेलमला भिडलीच पाहिजे, कोणत्याही वयात.

चौथी, हाडाची बीजं, म्हणजे कूर्चेत हाड बनायला सुरुवात होते ती केंद्रं. कॅपिटेलम, रेडियसचं डोकं, आतला एपिकाँडाइल (आतलं टोक), ट्रॉक्लिया (दंडाच्या हाडाचा अल्नाशी जुळणारा भाग), ओलेक्रेनन, बाहेरचा एपिकाँडाइल या क्रमाने ती साधारण १, ३, ५, ७, ९ आणि ११ व्या वर्षी दिसू लागतात, मुलींमध्ये थोडी आधी. वयापेक्षा क्रम महत्त्वाचा. ट्रॉक्लिया दिसतंय आणि आतला एपिकाँडाइल जागेवर नाही, तर तो तुटून सांध्यात अडकलेला असू शकतो. कोपर निखळून आपोआप बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलात हे खास शोधा.

फोटो आणि तुमचं बोट यांचं जमत नसेल तर बोटावर विश्वास ठेवा. हाडावर स्पष्ट दुखतंय आणि फोटो स्वच्छ आहे, तर कोपराच्या वरपर्यंत स्लॅब आणि आठवड्याने पुन्हा तपासणी.

हकीकत आणि इजा जुळत नसेल तर

अजून चालायला न लागलेल्या बाळाचं कोपर सुजलेलं असणं ही साधी गोष्ट नाही. दोन वर्षांखाली दंडाच्या हाडाचं खालचं टोक वाढीच्या रेषेतून सबंध निसटतं, आणि फोटोत ते कोपर निखळल्यासारखं दिसतं. या वयात खरं निखळणं फार दुर्मीळ, म्हणून असं चित्र दिसलं की बाळाला कोणी जोरात पिरगाळलं-ओढलं नाही ना, हा विचार करावाच लागतो. बदलत जाणारी हकीकत, आणायला झालेला उशीर, जुने व्रण, मोठ्यांकडे न बघणारं मूल, हे सगळं नोंदवा. आरोप करू नका, चौकशी आपलं काम नाही. बाळाला दाखल करा, बालरोगतज्ज्ञांना आणि वरिष्ठांना बोलवा, एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद करा. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर ड्युटीरूमच्या भिंतीवर असावा.

फोटो काढला नाही, तेव्हा बोलायचं काय

पालकांना "गरज नाही" एवढंच सांगितलं तर ते बाहेर पडून समोरच्या सेंटरमध्ये फोटो काढतात. त्यांच्यासमोर मुलाला दोन्ही हात ताठ करायला लावा आणि म्हणा, "बघा दादा, दोन्ही सारखे सरळ होतात, हाडावर दाबलं तरी दुखत नाही. मोडलेलं असतं तर बहुतेक वेळा असं करता आलं नसतं. पण मुलांच्या बाबतीत शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही, म्हणून तीन दिवसांनी मला पुन्हा दाखवा." लोक हे समजून घेतात. मी तिसरा दिवस सांगतो, कारण लॅटरल काँडाइल निसटलंच असेल तर ते दहाव्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी सापडलेलं बरं. तरीही आईला चैन पडत नसेल आणि ती दुसऱ्यांदा म्हणत असेल की "हा असा कधी रडत नाही", तर पुन्हा एकदा तपासा. मुलाला ती ओळखते.

लगेच परत यायच्या खुणा मराठीत लिहून द्या: बोटं पांढरी, निळी किंवा थंड पडली, बधिर झाली, औषध देऊनही दुखणं वाढत गेलं, सूज वाढली, कोपर सरळ होईनासं झालं, ताप आला. चोळायचं नाही, शेकायचं नाही, बांधून घ्यायचं नाही, हे तोंडीही सांगा आणि कागदावरही लिहा. आजी बरोबर असेल तर ते तिच्याकडे बघून सांगा, घरी निर्णय बहुधा तीच घेते.

केसपेपरवर फोटो का काढला नाही ते लिहा: वय, हकीकत, कोणी पाहिलं, नाडी आणि चारही नसांची नोंद, सूज नाही, चार जागा दाबून दुखत नाहीत, कोपर दुसऱ्या हाताइतकं सरळ, पुन्हा यायची तारीख. पुल्ड एल्बो असेल तर कोणत्या रीतीने बसवला आणि किती मिनिटांनी हात वर नेला, तेही. स्लॅब लावला असेल तर लावल्यानंतरची नाडी आणि बोटांची हालचाल वेगळी लिहा, आणि ड्युटी बदलताना त्या मुलाचं नाव घेऊन पुढच्या डॉक्टरला सांगा की दर तासाला बोटं बघायची आहेत.